बिळातली बया

आखातातल्या खोर फक्कानच्या बंदरात क्रेन चालवणाऱ्या अबुजरने अकरा वर्षांच्या नोकरीला खलास म्हटलं, तेव्हा त्याच्याकडे वाटून टाकायला तीन गोष्टी उरल्या. एक गादी, एक प्रेशर कुकर आणि एक घोरपड. गादी खालच्या मजल्यावरच्या माणसाने नेली. कुकर मंडणगडच्या एका गाववाल्याने नेला. घोरपडीला कोणी हात लावेना.

म्हणून त्याने फुजैऱ्याला सोमनाथला फोन लावला. सोमनाथ तेव्हा लेकीला शाळेतून घरी आणत होता आणि फोन गाडीच्या स्पीकरवर होता. पुढचं सगळं त्या स्पीकरमुळे झालं.

“सोमनाथभाऊ, तुमच्याकडं बाल्कनी आहे ना?”

“आहे.”

“ऊन येतं?”

“अबुजरभाई, सरळ बोला.”

“आमची खाला ठेवा तुमच्याकडं. हा बुधवार सोडून पुढच्या बुधवारी मी दुपारच्या फ्लाइटनं चाललो.”

खाला म्हणजे मावशी. पण अबुजरची खाला सव्वातीन फूट लांब होती, त्यातलं अर्धं शेपूट. दापोलीतल्या त्याच्या सख्ख्या खालेसारखी ती मान वर करून समोरच्याकडे संशयाने बघायची, म्हणून ते नाव. जात आफ्रिकेकडची. शारजाच्या एका दुकानातून एका इंग्लिश कुटुंबाने तिला कागदपत्रांसकट आणलं होतं. ते मायदेशी गेले तेव्हा ती त्यांच्या फिलिपिनो शेजाऱ्याकडे आली, तो कॅनडाला गेला तेव्हा अबुजरकडे. अबुजर दिवसभर जमिनीपासून चाळीस मीटर वर, क्रेनच्या काचेच्या खोलीत एकटा बसायचा. खाली आल्यावर जमिनीला पोट लावून चालणारं कोणीतरी घरात असलेलं त्याला बरं वाटायचं. त्याच्या दोन्ही रूममेट्सनी पहिल्याच आठवड्यात खोली सोडली होती. त्याचंही त्याला फार वाईट वाटलं नव्हतं.

“बाबा,” मागच्या सीटवरून ईश्वरी म्हणाली, “से येस.”

सोमनाथ होही म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तेलाच्या टाक्यांच्या टर्मिनलवर तो सेफ्टी ऑफिसर होता. माणसं त्याच्याकडे कागद घेऊन यायची आणि तो त्यातले निम्मे परत पाठवायचा, आवाज न चढवता. घरीही तोच खाक्या. ट्रॅम्पोलिन हवं असो की समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर एकटीने सायकल न्यायची असो, आधी रिस्क असेसमेंट. एका रकान्यात धोका, दुसऱ्यात तो घडण्याची शक्यता एक ते पाच, तिसऱ्यात घडला तर किती गंभीर ते एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार. पंधराच्या वर गेलं की लाल, आणि लाल म्हणजे नाही. शेवटच्या रकान्यात धोका कमी कसा करणार ते लिहायचं. ईश्वरी आठव्या वर्षापासून हे तक्ते भरत होती. आता ती बारा वर्षांची होती आणि बापाइतक्याच सरळ रेषा मारायची.

“फॉर्म भर,” सोमनाथ म्हणाला.

“आय ऑलरेडी स्टार्टेड,” ती म्हणाली.

*

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, कारण सोमनाथला ती त्या गाडीतच आठवली आणि पुढचे दहा दिवस त्याने तिच्यावर पांघरूण घालण्यात घालवले.

त्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या डाव्या अंगाला, एक दिमडी टांगलेली होती. पितळी कडं, वीतभर रुंद, एका बाजूने कातडं मढवलेलं. सोमनाथचे वडील गुणवंत, म्हणजे आबा, कऱ्हेकाठच्या गावात पिढीजात वाघ्या. त्यांनी पन्नास वर्षं जागरणं घातली ती हिच्यावर. सोमनाथच्या बोटांत ताल नव्हता. लहानपणी आबांनी त्याला महिनाभर शिकवून बघितलं आणि मग म्हणाले, “तू आपला हिशेबाचं शीक.” त्याचा त्याने राग धरला नाही. पण बारा वर्षांपूर्वी गावाहून निघताना आबांनी ती दिमडी त्याच्या बॅगेत, शर्टांच्या घडीत ठेवली, तेव्हा त्याने ती तशीच ठेवून बॅगेची चेन लावली.

ताल एक पिढी ओलांडून ईश्वरीच्या बोटांत उतरला. सहा वर्षांची असताना ती सोफ्यावर चढून दिमडी काढायची आणि दर शुक्रवारी मोबाइलवर आबा तिला शिकवायचे. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला. तिकडे आबांची वाळलेली बोटं, इकडे हिची. मधे कधी नेट अडकलं की आबा हात वर करून गोठायचे आणि ही त्यांचा राहिलेला ठेका पुरा करायची. फुजैऱ्याच्या समुद्राची दमट हवा कातड्याला लागायची, ते सैल पडायचं. मग ती हेअर ड्रायरने शेकायची. आबांना ते दिसलं तेव्हा हसून त्यांना खोकला लागला होता.

त्याच वर्षी तिने विचारलं होतं, “बाबा, हे कसलं स्किन आहे?”

आणि सोमनाथ म्हणाला होता, “बकरीचं.”

ते घोरपडीचं होतं. दिमडीला घोरपडीचंच लागतं, असं आबांच्या पिढीचं म्हणणं. पातळ, चिवट, आवाजाला टणक. पण सहा वर्षांच्या मुलीला, जिने मुंगी मेली म्हणून जेवण टाकलं होतं, हे सांगायचं कसं? बकरी सोपी वाटली. बकरी ती खात होती.

आबांच्या घराण्यात एक रीत होती. वाजवायला बसलं की वाघ्या दिमडी तोंडाजवळ नेतो आणि पहिलं नमन तिच्या कानात सांगतो, ओठातल्या ओठात. ते मोठ्याने गायचं नाही. मोठ्याने गायचं ते दुसऱ्यापासून:

दुसरं माझं नमन । जेजुरीच्या गडाला
पिवळ्या भंडाऱ्यानं । सोनं आलं दगडाला

तिसरं माझं नमन । गुरूच्या ग पायाला
बोटाला धरून ज्यानं । शिकविलं गायाला

ईश्वरीसाठी गाणी सोमनाथने मोठ्या अक्षरांत वहीत उतरवून दिली होती. त्याने दुसऱ्यापासून उतरवली. “पहिलं कुठे आहे?” तिने विचारलं, तेव्हा म्हणाला, “ते मनातल्या मनात असतं. मोठी झालीस की सांगतो.” तेव्हापासून ती आबांसारखीच दिमडी तोंडाजवळ न्यायची, दोन क्षण तशीच धरायची, काहीच न बोलता, आणि मग वाजवायला लागायची. आबांना वाटायचं, पोरगी म्हणते आहे.

तर घरात घोरपड आली, दिवसभर डोळ्यांसमोर राहिली, हाताखाली आली, की हे आज ना उद्या उघडं पडणार. आणि उघडं पडलं की ही दिमडीला पुन्हा हात लावणार नाही. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दुसरं कोणी शिकलेलं नाही. पंधरा दिवसांवर चंपाषष्ठी, त्या दिवशी दर वर्षी ती हॉलमध्ये वाजवायची आणि तिकडे आबा गावच्या देवळात मोबाइल वर धरून सगळ्यांना दाखवायचे.

सोमनाथला त्या फॉर्मवर लाल रंग हवा होता. कारण कोणतंही चाललं असतं.

*

शनिवारी तिघं खोर फक्कानला गेली. मंजुषा, सोमनाथची बायको, फुजैऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवायची आणि रविवारचे पेपर तपासायचे सोडून आल्याचं तिने गाडीत दोनदा सांगितलं.

अबुजरच्या खोलीत निम्म्या जागेत प्लायवूडची पेटी होती, माणूस झोपेल एवढी. आत माती, एक आडवा ओंडका, त्यावर दिव्याचा गरम पिवळा गोल. त्या गोलात खाला पसरली होती. राखाडी अंगावर फिकट ठिपके, मानेला सुरकुत्या, नखं लांब. ईश्वरी वाकली तशी तिने गळा फुगवला आणि प्रेशर कुकरची शिट्टी बिघडावी तसा आवाज केला.

“ती असंच करते,” अबुजर म्हणाला. “हमारी सगी खालाभी ऐसेच. दोन मिनिटं थांब.”

दोन मिनिटं झाली. निळसर, टोकाला दुभंगलेली जीभ बाहेर आली, हवा चाखून आत गेली.

“खाते काय?” मंजुषाने विचारलं.

“झुरळं, गोगलगाई, अंडं. महिन्यातून एकदा उंदीर. फ्रोझन मिळतात दुकानात. महिन्याला दीडशे दिऱ्हमच्या आत भागतं.”

“म्हणजे साडेतीन हजार रुपये,” मंजुषा म्हणाली, “आणि फ्रीजरमध्ये उंदीर. माझ्या मटाराशेजारी.”

“वहिनी, डब्यात ठेवायचे. मटाराला कळत नाही.”

सोमनाथ भिंतीशी उभा राहून टिपणं घेत होता. दिव्याखालचं तापमान, पेटीची लांबी, नखं, वास. अबुजरने तिला उचललं, पोटाखाली हात घालून, तान्ह्या बाळासारखं, आणि ईश्वरीला म्हणाला, “लाव हात. खालून. तिथं मऊ आहे.”

ईश्वरीने पोटाला बोटं लावली. आडव्या ओळींत बसवलेले बारीक, चपटे खवले. ती बोटं तिथेच ठेवून राहिली, डोळे कुठेतरी दुसरीकडे.

“बाबा, आय नो धिस,” ती म्हणाली. “हे मला माहितीये. कुठलं आहे हे?”

“बास्केटबॉल,” सोमनाथ चटकन म्हणाला. “बास्केटबॉल असाच लागतो.”

तिने त्याच्याकडे बघितलं. सोमनाथ सहसा कोणत्याच प्रश्नाला चटकन उत्तर देत नसे.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी पाच वेळा ते दोघं जाऊन आले. मुलगी सगळं लिहून ठेवत होती. किती वाजता खाल्लं, किती वेळा फुसकारली, चावायला आली का. बापही लिहीत होता. दोघांच्या वह्या वेगळ्या होत्या.

*

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन्ही तक्ते समोरासमोर आले. बाहेर बाल्कनीत दिमडी उन्हाला ठेवली होती. चंपाषष्ठी जवळ आली की तिला आठवडाभर रोज तास-दोन तास ऊन दाखवायचं, असं आबांनी सांगितलेलं.

“बाबा, व्हाय इज बायटिंग अ फोर?”

“दात आहेत तिला.”

“दात शेजारच्या रेयांशला पण आहेत. ही हॅज बिटन मी ट्वाइस.”

मंजुषा ओट्याशी पोह्यांना फोडणी देत होती, तिची पाठ हलली.

“अबुजरकाकांना चार वर्षांत एकदा चावली,” ईश्वरी पुढे म्हणाली, “तेही हाताला चिकनचा वास होता म्हणून. धिस इज अ टू. आणि साल्मोनेलाच्या इन्फेक्शनला तू सिव्हेरिटी फाइव्ह दिलीयेस. फाइव्ह म्हणजे डेथ. कोण मरणारे? आपण हात धुणार. आणि हे बघ, हीट लॅम्पने आग. तू स्वतः टर्मिनलवर वेल्डिंगला थ्री देतोस आणि बल्बला फोर?”

एकदा एका कंत्राटदाराचं काम अडलं होतं, चाराचा तीन केला असता तर सुटलं असतं. साहेबाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “हबीबी, एका आकड्याचा तर प्रश्न आहे.” सोमनाथने चाराचा चारच ठेवला आणि त्या वर्षीची बढती दुसऱ्या कोणाला गेली. हे त्याने घरी कितीदा तरी सांगितलं होतं, जेवताना, पाहुण्यांसमोर. ईश्वरीला पाठ होतं.

“यू वॉन्टेड द आन्सर फर्स्ट,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तो सोमनाथवरच गेलेला होता. “आन्सर ठरवलंस आणि मग नंबर टाकलेस. तूच म्हणतोस ना, तसं करणाऱ्याला साइटवर उभं करायचं नाही?”

पोहे झाले होते. मंजुषाने गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली.

सोमनाथने पेन उचललं. आपल्या तक्त्यावरचे तीन आकडे खोडले आणि शेजारी लेकीचे आकडे लिहिले. मग सगळ्यात खाली एक नवी ओळ आखली. धोक्याच्या रकान्यात त्याने मराठीत लिहिलं आणि कागद तिच्याकडे फिरवला.

ईश्वरी मराठी हळू वाचायची, अक्षराखाली बोट फिरवत.

“घ-रा-त... आधीच... एक... घोर-पड... आहे.”

तिने वर बघितलं. “कुठे?”

सोमनाथ बाल्कनीकडे बघत होता. ती त्याच्या नजरेच्या मागोमाग गेली. पितळी कड्यावर ऊन चमकत होतं.

“गोट,” ती म्हणाली. “यू सेड गोट.”

“हो.”

“बास्केटबॉल म्हणालास.”

“हो.”

ती उठली, बाल्कनीतून दिमडी घेऊन आली आणि टेबलावर, तक्त्यावरच, ठेवली. उन्हाने ती गरम झाली होती. तिने कातड्याला बोट लावलं नाही, कड्यालाच धरलं.

“किती?”

“आबांच्या हातात तीन झाल्या. वीसेक वर्षं टिकतं एक. ही तिसरी.”

“आबांनी मारल्या?”

“नाही. रानातून आणून देणारी माणसं होती. आबा विकत घ्यायचे.”

“इज इट लीगल?”

“नाही. तेव्हाही नव्हतं. गावाला माहीत नव्हतं एवढंच.” मग तो म्हणाला, “मी आणली तेव्हा मला माहीत होतं.”

ती आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. नेहमी लावते तसंच लावलं.

“सहा वर्षं गप्प बसलास,” मंजुषा म्हणाली, “आणि शेवटी फॉर्मवर लिहून सांगितलंस? तोंड नव्हतं तुला?”

“तोंडाने जमलं नसतं.”

“मला तरी सांगायचंस. मी पण बकरीच समजत होते. हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना सांगितलंय मी, बकरी म्हणून.” तिने पोह्यांवर खोबरं घातलं आणि तीन ताटल्या काढल्या. दोनच संपल्या.

*

दिमडी टेबलावरून कोणी उचलली नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तिच्या कडेने ताटं मांडली गेली. रविवारी दुपारी सोमनाथ आडवा पडला होता, तेव्हा त्याला स्वयंपाकघरातून आबांचा आवाज आला. शुक्रवार नव्हता. पोरीने आपणहून फोन लावला होता. तो उठून पॅसेजमध्ये आला आणि तिथेच थांबला.

“आबा, दिमडीचं स्किन कसलं आहे?”

“घोरपडीचं की,” आबा म्हणाले. “का गं? फाटलं व्हय?”

“नाही फाटलं.”

“मग झालं.”

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

पलीकडे आबा खाकरले.

“वाटलं तर,” आबा म्हणाले. “म्हणून तर पहिलं नमन तिला. देवाच्या आधी तिला. तू म्हणतीस न्हवं?”

“मला येतच नाही ते. बाबांनी लिहिलंच नाही.”

“अरारा,” आबा म्हणाले. “सोम्या! आसशील तिथं ऐक. कसला रं तू हापिसर?”

सोमनाथ पॅसेजमध्येच उभा राहिला.

“जवळ घे फोन,” आबा म्हणाले. “हे मोठ्यानं सांगायचं नसतं, पण तू लांब हाईस, तर सांगतो.” आणि त्यांनी चाल न लावता, नुसतं बोलल्यासारखं सांगितलं:

पहिलं माझं नमन । बिळातल्या बयाला
अंगची दिली चोळी । माझ्या खंडेरायाला

“तिने दिली नाही आबा,” ईश्वरी म्हणाली. “घेतली. शी डिडन्ट गिव्ह इट.”

“घेतली,” आबा म्हणाले. “खरंय. गाण्यात दिली म्हणायचं, आन् म्हणताना आपल्याला ठावं आसतं घेतली म्हणून. म्हणून तर हळू म्हणायचं.”

“मी नाही वाजवणार आता.”

“नको वाजवू.” आबांच्या आवाजात काही फरक पडला नाही. “पर येक सांगतो. तू वाजवली न्हाईस तर ती नुसती मेली, येवढंच व्हईल. वाजवलीस तरी मेलेलीच. तुझं तू बघ. हे कातडं फाटलं की पुन्यांदा घोरपडीचं घ्यायचं न्हाई, ते मी आधीच ठरवलंय. प्लास्टिकचं मिळतं आता. भांडं पडल्यावानी वाजतं, पर मिळतं.”

मग त्यांनी तिला विचारलं की तिकडे जेवलीस का, आणि फोन ठेवला.

*

सोमवारी सोमनाथ कामावरून आला तेव्हा ईश्वरीचा तक्ता त्याच्या ताटाच्या जागी होता. तिने एक ओळ वाढवली होती. धोका: ओनर लीव्हज द कंट्री. शक्यता पाच. गांभीर्य पाच. पंचवीस. लाल पेन्सिलीने भरलेलं.

“पुरावा?” सोमनाथने विचारलं.

“थ्री ओनर्स इन नाइन इयर्स. इंग्लिश फॅमिली गेली, फिलिपिनो अंकल गेले, अबुजरकाका चालले. आपण फोर्थ. ती पंधरा वर्षं जगते.” ती त्याच्यासमोर बसली होती, हात टेबलावर. “आपला व्हिसा किती वर्षांचा असतो, बाबा?”

“दोन.”

“मग?”

शेवटचा रकाना कोरा होता. धोका कमी कसा करणार. सोमनाथने पेन घेतलं. त्याचा व्हिसा सहा वेळा नवा झाला होता. दर वेळी व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या खुर्चीवर बसून त्याने इन्शाल्ला म्हटलं होतं, तिथल्या सगळ्यांसारखं. ‘आम्ही जाणार नाही’ हे तीन शब्द लिहायला त्याला काही अडचण नव्हती. फक्त ते खरे नव्हते. त्याने पेन खाली ठेवलं.

“हा नो खरा आहे,” ईश्वरी म्हणाली. तिने खाली सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्यानेही केली.

“जो कुठे जाणार नाही असा माणूस पाहिजे,” ती म्हणाली. “असं कोणी आहे का इथे?”

होता. मसाफीच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्या अरबाचं खजुराचं शेत होतं. तिथे तो परवान्याने हरणं आणि मोर पाळायचा. त्याचा आजाही त्याच जमिनीवर जन्मला होता. अबुजरने त्याच्या विहिरीवरचा पंप एकदा क्रेनने उतरवून दिला होता, त्यामुळे ओळख होती. अबुजरने आधी त्याला विचारलं का नाही, असं सोमनाथने विचारलं.

“तिथं दिलं असतं तर मला फोटो कोण पाठवणार होतं?” अबुजर म्हणाला. “तुम्ही पाठवला असता.”

मंगळवारी दुपारी ते पेटी पिकअपमध्ये घालून घेऊन गेले. म्हाताऱ्याने कागद उलटसुलट बघितले, पेटीत डोकावला, “वरल,” असं आपल्या भाषेतलं तिचं नाव घेतलं आणि ईश्वरीला हिंदीत विचारलं, “नाम क्या है?”

“खाला.”

अरबीतही खाला म्हणजे मावशीच. म्हातारा इतका हसला की त्याने डोळे पुसले. “अहलन, या खाला,” असं स्वागत करत त्याने एका जाळीच्या पिंजऱ्याचं दार उघडलं. पेटीपेक्षा चौपट मोठी जागा होती, भिंतीला जुनी पाण्याची टाकी आडवी टाकून बीळ केलेलं. खाला बाहेर आली, जीभ काढली, आत घेतली, परत काढली. नवी हवा चाखायला तिला वेळ लागत होता. हे तिने आधी तीनदा केलेलं होतं.

अबुजरने दिवा लावला, काढला, दोन इंच खाली घेऊन पुन्हा लावला. म्हाताऱ्याला बल्ब किती वॅटचा ते तीनदा सांगितलं. निघताना तिला हात लावला नाही. “यल्ला, चला,” एवढंच म्हणाला आणि पिकअपमध्ये जाऊन बसला. गाडी सुरू करायची त्याला बराच वेळ आठवण झाली नाही.

ईश्वरी मात्र जाळीच्या आत हात घालून वाकली. पोटाखालून बोटं फिरवली, हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खाला फुसकारली नाही.

“शी विल गेट अ फोटो एव्हरी फ्रायडे,” ती अबुजरला काचेतून म्हणाली. “म्हणजे तुम्हाला. तिचा.”

*

चंपाषष्ठीला सोमनाथने भंडाऱ्याची वाटी मांडली, वांग्याचं भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य ठेवला. दिमडी अजून स्वयंपाकघराच्या टेबलावर होती. त्याने ती उचलली नाही. साखरेच्या डब्याला फोन टेकवला. तिकडे आबा देवळाच्या पायरीवर बसले होते, मागे गावातली चार-सहा माणसं, घंटेचा आवाज.

“पोरगी कुठाय?” मागून कोणीतरी विचारलं.

“यील नाहीतर न्हाई यायची,” आबा म्हणाले.

मंजुषाने सोमनाथकडे बघितलं. सोमनाथ वाटीतला भंडारा चिमटीने सारखा करत राहिला. तो आधीच सारखा होता.

स्वयंपाकघरातून हेअर ड्रायरचा आवाज आला. बराच वेळ तो चालू राहिला. मग थांबला.

ईश्वरी आली आणि फोनसमोर मांडी घालून बसली. दिमडी तोंडाजवळ नेली. दर वर्षी ती तिथे दोन क्षण नुसती धरायची. या वेळी तिचे ओठ हलले. सोमनाथ तिच्या बाजूलाच बसला होता, हातभर अंतरावर, आणि तरी त्याला एक अक्षरही ऐकू आलं नाही. पण किती वेळ लागला ते त्याला कळलं. आबांनी सांगितलेल्या दोन ओळींना लागेल त्याहून थोडा जास्त लागला. तिने काहीतरी स्वतःचं घातलं होतं, किंवा एखादा शब्द बदलला होता.

तिकडे आबा मान खाली घालून थांबले होते. त्यांनी घाई केली नाही.

मग तिने दिमडी खाली घेतली, डाव्या हातात सारखी केली आणि दुसऱ्या नमनावर बोटं पाडली.